इलेक्ट्रॉनिक स्कोअरशीट वापरण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पटावर समोरासमोर खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या डावाच्या चाली कागदाऐवजी उपकरणावर नोंदवू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी, प्रशिक्षकांसाठी आणि स्पर्धा-संयोजकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमचे नोंद-उपकरण काय करते याबरोबरच ते काय करू देत नाही, हेही घेण्यापूर्वी आपणांस नीट ठाऊक असावे, असा आमचा आग्रह आहे.

नियम आणि परवानगी

फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांतील आठव्या कलमानुसार प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या चाली क्रमाने व शक्य तितक्या सुवाच्य नोंदवल्या पाहिजेत. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे ही नोंद कागदी स्कोअरशीटवर (चाली लिहिण्याच्या तक्त्यावर) किंवा फिडेने प्रमाणित केलेल्या आणि त्या स्पर्धेसाठी ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक स्कोअरशीटवर करता येते. यातील दोन्ही अटी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रमाणित असलेले उपकरणही स्पर्धेने स्वीकारले नसेल तर तेथे चालणार नाही. उलट, पंचांनी स्पष्ट परवानगी न दिलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळण्याच्या जागी जवळ बाळगणे अकराव्या कलमानुसार निषिद्ध असल्याने त्यापायी डावही गमवावा लागू शकतो. म्हणून प्रवेशिका भरतानाच संयोजकांना विचारावे आणि फेरी सुरू होण्यापूर्वी उपकरण पंचांना दाखवावे. क्लबातील सराव-डावांना अर्थातच हे बंधन नाही.

चाल नोंदवण्याची रीत

पडद्यावर दिसणाऱ्या पटावर मोहरा ज्या घरातून निघाला ते घर आणि तो ज्या घरात पोहोचला ते घर, अशा दोन स्पर्शांत चाल नोंदली जाते. कागदावरची एक नेहमीची अडचण यामुळे आपोआप मिटते. पांढऱ्याचा एक घोडा बी१ वर आणि दुसरा एफ३ वर आहे, दोघेही डी२ वर जाऊ शकतात, आणि घाईत खेळाडू केवळ ‘घोडा डी२’ एवढेच लिहितो. नंतर डाव मांडून पाहताना नेमका कोणता घोडा हलला होता हे कळत नाही आणि पुढच्या दहा-बारा चाली जुळवताना प्रशिक्षकाची आणि विद्यार्थ्याची संध्याकाळ जाते. निघालेले घर नोंदवले गेले की हा प्रश्न उरत नाही. प्यादे शेवटच्या घरात पोहोचल्यावर वजीर, हत्ती, उंट की घोडा घेतला हे उपकरण विचारते. बरोबरीचा प्रस्ताव कागदाप्रमाणेच येथेही बरोबरच्या चिन्हाने नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी वेगळे बटण दिले आहे.

प्रतिस्पर्ध्याची चाल नोंदवण्याआधी तिला उत्तर देण्याची मुभा नियमांत आहे. मात्र त्यापुढची स्वतःची चाल करण्यापूर्वी मागची स्वतःची चाल नोंदलेली असली पाहिजे. चाल आधी नोंदवून मग खेळण्यास, बरोबरीचा दावा करण्यासारखा अपवाद वगळता, मनाई आहे. पुष्कळ खेळाडूंना पूर्वी आधी लिहून मग खेळण्याची सवय लावलेली असते, ती उपकरण हाती घेताना कटाक्षाने मोडावी.

उपकरण काही सुचवत का नाही

ग्राहकांकडून सर्वाधिक विचारणा याच मुद्द्यावर होते, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या राजाला असलेला शह न पाहता भलतीच चाल केली आणि घड्याळ दाबले, तर आमचे उपकरण ती चाल जशीच्या तशी नोंदवते. लाल रंग दाखवत नाही, आवाज करत नाही आणि नोंद नाकारतही नाही. क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) डावात अशी पहिली नियमबाह्य चाल पूर्ण झाल्यास पंच ती करणाऱ्याच्या समोरच्या खेळाडूला दोन मिनिटे वाढवून देतात आणि चुकलेल्याच खेळाडूने दुसऱ्यांदा तसे केल्यास सामान्यतः तो डाव हरतो. एवढा मोठा परिणाम असलेली गोष्ट खेळाडूच्या ध्यानात यंत्राने आणून दिली, तर ते उघड साहाय्य ठरेल. तीच गोष्ट तीनदा आलेल्या स्थितीची आणि पन्नास चालींच्या नियमाची (इतक्या चालींत प्यादे हललेले नाही आणि मोहरा मारला गेलेला नाही): बरोबरीचा दावा करणे हा खेळाडूचा हक्क आहे आणि मोजदाद ठेवणे हे त्याचेच काम आहे.

याच कारणाने पडद्यावरील पटावर मोहरे इकडेतिकडे हलवून पाहता येत नाहीत. डाव चालू असताना दुसऱ्या पटावर विश्लेषण करण्यास नियमांची मनाई आहे, आणि हाताशी असलेला पडदा हा दुसरा पटच होऊ शकतो. मागे जाऊन चूक दुरुस्त करता येते, पण मूळ नोंद आणि दुरुस्ती दोन्ही पंचांना दिसतील अशी राखली जातात. या मर्यादांमुळे उपकरण काहींना अपुरे वाटते; आमच्या मते नोंद विश्वसनीय ठरते ती याच मर्यादांमुळे, आणि त्यांत सूट देण्याची मागणी आम्ही मान्य करत नाही.

संवेदक पटाविषयी थोडेसे

मोहऱ्यांची जागा स्वतः ओळखणारे पट मुख्यतः थेट प्रक्षेपणासाठी वापरले जातात आणि नोंद ठेवण्याच्या खेळाडूच्या जबाबदारीतून ते त्याची सुटका करत नाहीत. त्यांच्यावर मोहरा घराच्या मधोमध ठेवावा. डाव संपल्यावर तेथेच चर्चा सुरू केली, तर त्या चालीही डावाला जोडल्या जाण्याचा धोका असतो. पांढरा जिंकल्यास दोन्ही राजे पटाच्या मधल्या पांढऱ्या घरांत आणि काळा जिंकल्यास मधल्या काळ्या घरांत ठेवण्याची जी पद्धत आहे, तिचा उद्देश यंत्राला निकाल कळवणे हा आहे; तो कळवूनच मोहरे हलवावेत.

डावाची फाइल

डाव पीजीएन या मजकूर-स्वरूपात जतन होतो. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये हे स्वरूप आखले, आणि बुद्धिबळाचे बहुतेक सर्व प्रोग्रॅम ते वाचू शकतात. स्पर्धा, स्थळ, दिनांक, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल या सात नोंदी फाइलच्या आरंभी असतात. निकाल सोडून बाकीच्या डावापूर्वीच भराव्यात. हाताने फाइल दुरुस्त करणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा: फिडेच्या नियमांत किल्लेकोट शून्याने लिहितात, पीजीएनमध्ये मात्र इंग्रजी ‘ओ’ हे मोठे अक्षर वापरतात.

घड्याळ अंगावर आल्यावर

प्रत्येक चालीला ३० सेकंद किंवा अधिक वाढीव वेळ मिळत असेल, तर डाव संपेपर्यंत नोंद करावीच लागते. तशी वाढ नसेल, तर पाच मिनिटांहून कमी वेळ उरलेल्या खेळाडूला त्या टप्प्यापुरती सूट आहे. अशा वेळी राहिलेल्या चाली नंतर भरण्यासाठी उपकरणावर ‘रिकामी जागा’ सोडता येते, ज्यामुळे चालींचा क्रमांक चुकत नाही. उपकरण बंद पडल्यास घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे आणि कागदी स्कोअरशीट मागून घ्यावे. नोंदलेल्या चाली प्रत्येक स्पर्शानंतर जतन होत असल्याने आधीचा डाव सुरक्षित राहतो. फेरीपूर्वी बॅटरी पूर्ण भरावी आणि पेन मात्र खिशात ठेवावेच.