आध्यात्मिक दृष्टी (ख्रिस्ती धर्म)

आध्यात्मिक दृष्टी : ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. पवित्र आत्म्याच्या कृपेने अंतःकरणाला लाभणारी जी समज माणसाला सृष्टी, इतिहास, स्वतःचे दुःख आणि शेजारी यांच्याकडे देवाच्या संदर्भात पाहायला लावते, तिला ही संज्ञा लावतात. मराठी ख्रिस्ती उपदेशांत व लेखनात ‘अंतश्चक्षू’ आणि ‘विश्वासाचे डोळे’ हे पर्यायही रूढ आहेत. दृष्टांत, म्हणजे साक्षात्कारात दिसलेले विशिष्ट दृश्य, आणि आध्यात्मिक दृष्टी यांत धर्मशास्त्र फरक करते. दृष्टांत एखाद्या प्रसंगी एखाद्या व्यक्तीला होतो. आध्यात्मिक दृष्टी मात्र प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळू शकणारी आणि आयुष्यभर वाढत जाणारी मानली जाते. नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासाशी या संकल्पनेचा संबंध स्कॉटिश मिशन, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि कॅथलिक धर्मप्रांत अशा तीन बाजूंनी येतो.

जुन्या करारात या विचाराचा सर्वांत ठसठशीत प्रसंग राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. अरामी सैन्याने दोथान नगराला रात्रीतून वेढा घातला. पहाटे उठून बाहेर पडलेला अलीशा संदेष्ट्याचा सेवक घोडे व रथ पाहून गांगरला. अलीशाने त्याचे डोळे उघडावेत अशी प्रार्थना केली, तेव्हा भोवतालचा डोंगर अग्निरथांनी भरलेला त्याला दिसला. वेढा उठलेला नव्हता आणि अग्निरथही प्रार्थनेमुळे नव्याने आलेले नव्हते. परिस्थिती तीच राहून पाहणारा बदलला, हे या कथेचे मर्म होय. यानंतर अलीशा अरामी सैनिकांना शोमरोनात नेतो आणि त्यांना ठार न करता खाऊपिऊ घालून परत पाठवायला सांगतो. कथेचा हा उत्तरार्ध उपदेशांतून पुष्कळदा गाळला जातो. वस्तुतः उघडलेल्या डोळ्यांचा परिणाम शत्रूशी होणाऱ्या वागणुकीत दिसावा, ही अपेक्षा येथेच प्रथम स्पष्ट होते.

शुभवर्तमानांत आंधळ्यांना दृष्टी मिळाल्याच्या कथा अनेक आहेत. त्यांपैकी दोन या विषयासाठी विशेष महत्त्वाच्या. मार्कच्या आठव्या अध्यायातील बेथसैदा येथील आंधळ्याला दृष्टी दोन टप्प्यांत मिळते. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी; दुसऱ्या स्पर्शानंतर सर्व स्वच्छ दिसू लागते. हा चमत्कार फक्त मार्कने दिला असून त्याला लागूनच पेत्राची कबुली येते. येशू ख्रिस्त आहे हे पेत्र ओळखतो, पण ख्रिस्ताने दुःख सोसावे हे त्याला पटत नाही. ही जुळणी हेतुपूर्वक केलेली असावी, असे बहुतेक भाष्यकारांचे मत आहे आणि ते ग्राह्य वाटते. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध भिकारी शिलोह तळ्यात डोळे धुऊन येतो, तेव्हा त्याला बरे करणाऱ्याविषयी फारसे काही माहीत नसते. तो आधी ‘येशू नावाचा मनुष्य’ म्हणतो, चौकशीत ‘संदेष्टा’ म्हणतो, पुढे तो देवापासून आला असला पाहिजे असा युक्तिवाद करतो, आणि सभास्थानातून घालवून दिल्यावर अखेरीस त्याला नमन करतो. त्याच अवधीत परूशांचा, म्हणजे नियमशास्त्राचे काटेकोर पालन करणाऱ्या यहुदी गटाचा, नकार अधिकाधिक घट्ट होत जातो. शरीराचे डोळे एका क्षणात उघडले, आतले डोळे मात्र प्रश्नोत्तरांच्या प्रत्येक फेरीत थोडेथोडे उघडत गेले, असे या अध्यायाच्या रचनेवरून म्हणता येते.

संकल्पनेचा सैद्धांतिक आधार मुख्यतः पौलाच्या नावावरील पत्रांत आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात वाचकांच्या अंतःकरणाचे डोळे प्रकाशित व्हावेत अशी प्रार्थना आहे. हे पत्र पौलाचेच मानणारे अभ्यासक ते सामान्यतः इ. स. ६० ते ६२ च्या सुमारास ठेवतात. ते शिष्यपरंपरेतील मानणारे ८० ते ९० च्या दरम्यान ठेवतात. या शब्दप्रयोगाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात चिखलात रुतलेल्या आत्म्याच्या डोळ्याचा उल्लेख आहे आणि अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो (सु. इ. स. पू. २० – सु. इ. स. ५०) इस्राएल म्हणजे ‘देवाला पाहणारा’ अशी फोड करतो. त्यामुळे जुन्या पिढीतील काही विद्वानांनी हा प्रयोग ग्रीक तत्त्वज्ञानातून आला असे मानले. तथापि इब्री विचारात समजुतीचे स्थान हृदय हेच आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात समजणारे हृदय आणि पाहणारे डोळे एकाच वाक्यात येतात. आणि १९४७ मध्ये मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांपैकी समाजनियमांच्या गुंडाळीत, देव तुझे हृदय जीवनदायी ज्ञानाने उजळो, अशा आशयाचा आशीर्वाद आहे. हा पुरावा पाहता यहुदी प्रार्थनापरंपरा हाच जवळचा स्रोत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ग्रीक परिभाषेचा संस्कार नंतरच्या ख्रिस्ती लेखकांवर झाला, हे निर्विवाद आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर बाप्तिस्म्यालाच ‘प्रकाशन’ म्हणतो, यावरून हा विचार तोवर उपासनेत रुजला होता असे दिसते.

आध्यात्मिक इंद्रियांचा रीतसर सिद्धांत अलेक्झांड्रियाचा धर्मशास्त्रज्ञ ओरिजेन (सु. १८५ – सु. २५३) याच्याकडे जातो. नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील ‘देवाचे ज्ञान’ या पाठाऐवजी तो ‘दैवी संवेदना’ असा पाठ घेतो. ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याच्या खंडनात (सु. २४८) त्याने पाचही इंद्रियांची यादी दिली आहे : देहाहून श्रेष्ठ गोष्टी पाहणारी दृष्टी, हवेत न उमटणारे शब्द ऐकणारे श्रवण, स्वर्गीय भाकरी चाखणारी रुची, ख्रिस्ताचा सुगंध घेणारे घ्राण आणि जीवनाच्या शब्दाला स्पर्श करणारा हात. हे पाच स्वतंत्र सामर्थ्यांचे वर्णन आहे की एकाच बुद्धीच्या कार्याचे रूपक, हा वाद विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओरिजेनपाशी खरोखरच एक सिद्धांत असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याचा माग पुढील परंपरेत काढला. जॉन डिलन यांनी १९८६ मध्ये ओरिजेनच्या आरंभीच्या व उत्तरकालीन लेखनात फरक करून, रूपकाच्या पलीकडचा विचार केवळ उत्तरकालीन ग्रंथांत आढळतो असे मांडले. धर्मशास्त्रज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थाझार यांचा आक्षेप निराळा आहे : आध्यात्मिक इंद्रिये देहाच्या इंद्रियांपासून तोडली, तर देहधारी झालेल्या ख्रिस्ताला पाहण्याचा अर्थच उरत नाही. कालानुक्रमाच्या प्रश्नावर डिलन यांचा विचार ग्राह्य धरावा आणि तत्त्वाच्या प्रश्नावर बाल्थाझार यांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा, असे अलीकडच्या चर्चेवरून वाटते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव माणूस होऊन डोळ्यांना दिसला. ती श्रद्धा स्वीकारल्यावर चर्मचक्षू तुच्छ ठरवणे सुसंगत नाही.

ऑगस्टीनने (३५४–४३०) उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या मोठ्या भाष्याच्या बाराव्या भागात दर्शनाचे तीन प्रकार केले. ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा वाचताना अक्षरे देहाच्या डोळ्यांना दिसतात, समोर नसलेला शेजारी मनात प्रतिमेच्या रूपाने उभा राहतो, आणि प्रीती मात्र कोणत्याही प्रतिमेशिवाय बुद्धीला दिसते. यांतील मधल्या, प्रतिमारूप दर्शनालाच ऑगस्टीन ‘आत्मिक’ म्हणतो. आज ज्याला आध्यात्मिक दृष्टी म्हणतात ती त्याच्या वर्गीकरणात तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. हे ध्यानात न घेतल्यास त्याच्या विधानांचा विपर्यास होतो. सेंट व्हिक्टरच्या ह्यूगोने (मृत्यू ११४१) देह, बुद्धी व चिंतन असे तीन डोळे मानले : पतनानंतर, म्हणजे आदामाच्या पापानंतर, देहाचा डोळा शाबूत राहिला, बुद्धीचा अधू झाला आणि चिंतनाचा विझला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ग्रेगरी पालामास (सु. १२९६–१३५९) याने, येशूचे रूप पालटले त्या डोंगरावर शिष्यांना दिसलेला प्रकाश अनिर्मित होता आणि कृपेने पालटलेल्या डोळ्यांनीच तो पाहिला, हे मत मांडले. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी ते उचलून धरले. प्रॉटेस्टंट सुधारकांनी चिंतनाच्या पायऱ्यांपेक्षा शास्त्रवचन आणि आत्म्याची आंतरिक साक्ष यांवर भर दिला.

मराठीत ख्रिस्तचरित्र प्रथम ओवीत आणले ते जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्य चक्षू दिला जातो, हा प्रसंग ज्ञानेश्वरीमुळे मराठी मनाच्या परिचयाचा आहे, आणि म्हणून ख्रिस्ती संकल्पना समजावताना त्याची आठवण होणे स्वाभाविक होय. दोन्हींकडे दृष्टी दिली जाते, ती कमावली जात नाही, हे साम्य खरे आहे. तेथे अर्जुन विश्वरूपाने भयभीत होऊन परिचित रूप पुन्हा मागतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र उघडलेल्या डोळ्यांना बहुधा परिचितच काही नव्याने दिसते. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी पुनरुत्थित प्रभूला ओळखले ते संध्याकाळच्या जेवणात, भाकर मोडताना.

नागपुरात हा विचार प्रॉटेस्टंट स्वरूपात आला तो स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांच्याबरोबर. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ मध्ये भोसल्यांच्या राजवटीत येथे आले. १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवते. त्यांची चर्च ज्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारास, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनास, बांधील होती, त्याच्या पहिल्याच प्रकरणात सृष्टीतून होणारे देवाचे प्रकटन मान्य केले आहे. मात्र तारणासाठी लागणारी समज आत्म्याच्या आंतरिक प्रकाशनाखेरीज येत नाही, असेही तेथे म्हटले आहे. हिस्लॉप उपदेशक होते तसेच भूवैज्ञानिकही होते. आज शहरात सामावलेल्या टाकळी परिसरात आणि सीताबर्डीच्या टेकडीत त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी बेसाल्टच्या थरांमध्ये सापडलेला, गोड्या पाण्यात साचलेला पातळ थर तपासला. त्यातून बिया, फळे, लाकूड, शिंपले, इतकेच नव्हे तर भुंगेऱ्यांची पंखकवचेही त्यांनी वेचली. त्यांचा संयुक्त निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. सृष्टी आणि शास्त्र हे देवाचे दोन ग्रंथ होत, हा सुधारित पंथातील जुना विचार. १५६१ च्या बेल्जिक विश्वासांगीकारात सृष्टीला सुंदर ग्रंथाची उपमा दिली आहे. एवढ्या बारीक वस्तूंकडे इतक्या निष्ठेने पाहणाऱ्या मिशनऱ्याचे काम त्या विचाराच्या प्रकाशात वाचणे योग्य ठरते. टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी, पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९० नंतरच्या काही वर्षांत नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने साहित्यकार्य करीत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो नेमाने वाचायला घेतला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पुरते वेधले. ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते देवाला पाहतील’ हे वचन आणि डोळा हा शरीराचा दिवा असल्याचे वचन ही दोन्ही त्याच प्रवचनात आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्तदर्शनाची ओढ वारकरी संतांच्या भाषेत व्यक्त होते. ऑगस्टीनची किंवा ह्यूगोची परिभाषा तेथे नाही. भेटीची आस, पायांशी बसणे, आईकडे धाव घेणे अशी भक्तीची भाषा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आध्यात्मिक दृष्टीची कल्पना पोहोचली ती मुख्यतः या पदांवाटे, धर्मशास्त्राच्या ग्रंथांवाटे फारशी नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

कॅथलिक बाजूने सदर येथील कॅथीड्रल ज्यांच्या नावाने आहे, त्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांचा विचार येथे महत्त्वाचा. त्यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागात आले; नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ख्रिस्तपुराण छापले गेले त्याच वर्षी, १६१६ मध्ये, सेंट फ्रान्सिस यांचा देवप्रीतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ते मनन आणि चिंतन यांतील भेद सांगतात : मनन म्हणजे एकेका फुलाचा वास वेगवेगळा घेणे, आणि चिंतन म्हणजे त्या सर्व फुलांचे अत्तरपाणी एकदम हुंगणे. ही दृष्टी मठवासीयांपुरती नसून संसारी माणसालाही साध्य आहे, हा आग्रह त्यांनी १६०९ च्या भक्तिजीवनावरील ग्रंथातच धरला होता.

व्यवहारात या दृष्टीची जोपासना शास्त्रवाचनापूर्वीची प्रार्थना, उपवासकाळातील मनन, प्रभुभोजन आणि आजाऱ्यांच्या भेटी यांतून होते. प्रत्येक दावा पारखून घेण्याची शिकवण मात्र आरंभापासून आहे. ज्याला पाहिले त्या भावावर जो प्रीती करीत नाही, तो न पाहिलेल्या देवावर प्रीती करू शकत नाही, ही योहानाच्या पहिल्या पत्रातील कसोटी सर्व पंथ मानतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या वर्णनात तर भुकेल्याला, परक्याला व बंदिवानाला ज्यांनी जेवू घातले, आश्रय दिला व भेट दिली, त्यांनाही आपण कोणाला भेटत होतो हे ठाऊक नव्हते. गूढ अनुभवांना अवाजवी महत्त्व देणाऱ्या प्रवृत्तीला हा उतारा उत्तर देतो.

मंडळीच्या बाबतीतही दृश्य आणि अदृश्य हा भेद धर्मशास्त्रात जुना आहे : देवाला दिसणारी खरी मंडळी एक आहे, माणसांना दिसते ती विभागलेली. अदृश्य एकतेवर समाधान मानावे की ती डोळ्यांना दिसेल अशी घडवावी, या प्रश्नावर उत्तर भारतातील पंथांमध्ये १९२९ पासून बोलणी चालली. त्या बोलण्यांचा शेवट नागपुरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट (ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन) आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट अशा सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली.