रस्ता शहराचा, दंड एचओएचा: ॲरिझोनातल्या पार्किंग वादाची पार्श्वभूमी

घरासमोरचा रस्ता शहराचा, त्यावरचं डांबर करदात्यांच्या पैशाचं. पण रात्री तिथे गाडी उभी केली की दंडाची नोटीस येते ती एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची (होमओनर्स असोसिएशन). अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हे वर्षानुवर्षं चाललं. २०२३च्या कायदादुरुस्तीने जुन्या वसाहतींना याच प्रश्नावर मतदान घ्यायला लावलं.

खासगी अटींवर वसाहत उभारायची रीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. १९६०नंतर ती झपाट्याने पसरली. बिल्डर रस्ते बांधतो आणि नकाशा नोंदवताना बहुतेकदा ते शहराच्या हवाली करतो. देखभाल तिथून पुढे शहराची. पण सगळ्या प्लॉटना लागू होणारा अटींचा दस्तऐवजही तो नोंदवून ठेवतो. रस्त्यावर गाडी लावायची नाही, ही अट अनेकदा त्यातच असते आणि घर घेणाऱ्याला ती आपोआप लागू होते.

सगळा गुंता या अटीचा आहे. ती घरमालकाला बांधते, रस्त्याला नाही. त्याच जागी कोणा त्रयस्थाने गाडी लावली, तर एचओए त्याला दंड करू शकत नाही. मालकाने लावली तर करते. एचओएवाले म्हणतात, अटी मान्य करून घर घेतलंत, मग रस्ता कोणाचा हा मुद्दाच येत नाही. रहिवासी म्हणतात, ज्या रस्त्यासाठी आम्ही कर भरतो तिथे शहराची मनाई नसताना एचओएची का चालावी? मला रहिवाशांचं म्हणणं अधिक पटतं. या अटींवर घासाघीस होत नाही. घर हवं तर त्या सगळ्या घ्याव्याच लागतात, आणि संपूर्ण उपनगरच एचओएंचं असेल तर दुसरीकडे जाणार तरी कुठे?

विधिमंडळाने मात्र हा वाद तत्त्वावर न सोडवता तारखेवर सोडवला. ३१ डिसेंबर २०१४नंतर ज्यांचा दस्तऐवज नोंदला गेला, त्या वसाहतींना सार्वजनिक रस्त्यांवर नियम लावता येणार नाहीत, एवढंच ठरलं. ॲरिझोनातली गिल्बर्ट, चँडलरसारखी शहरं त्याआधीच्या दोन दशकांत भराभर वाढलेली. तिथल्या जुन्या वसाहतींना या कायद्याचा काही उपयोग नव्हता. सारख्याच सार्वजनिक रस्त्यावर एका वसाहतीतल्या माणसाला मोकळीक आणि शेजारच्या वसाहतीतल्याला दंड, हा भेद जवळजवळ दशकभर टिकला. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता.

२०२३ची दुरुस्ती याच जुन्या वसाहतींसाठी होती. सार्वजनिक रस्त्यांवर नियम लावणाऱ्या वसाहतीने ते नियम ठेवायचे का यावर ३० जून २०२५पर्यंत सदस्यांचं मतदान घ्यायचं होतं. बहुमत मिळालं तर अधिकार राहणार होता, मतदानच झालं नाही किंवा बहुमत मिळालं नाही तर जाणार होता. खासगी रस्ते यातून वगळले आहेत. फाटकाआडच्या वसाहतींचे रस्ते बहुधा खासगीच असतात, त्यामुळे तिथे काही बदललं नाही.

इतर राज्यांनी मतदानाची वाट धरली नाही. कोलोरॅडोने २०२२ मध्ये सार्वजनिक रस्त्यांच्या वापरावर बंधनं घालायला एचओएंना थेट मनाई केली. फ्लोरिडात जुलै २०२४पासून, सरकारी नियमांनी जिथे गाडी लावायला मुभा आहे तिथे मालकाची किंवा पाहुण्याची खासगी गाडी, पिकअपसुद्धा, एचओए अडवू शकत नाही.

ॲरिझोनात मतदानाचा निकाल काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात नोंदवणं बंधनकारक होतं. जुन्या वसाहतीत घर घेणाऱ्याने अटींच्या दस्तऐवजाबरोबर ती नोंदही मागून घ्यावी.