मॉडिफाय केलेली गाडी शर्यतीत उतरवताना: वर्ग कोणता, कागद कोणते

शर्यतीच्या प्रवेश अर्जात सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्गाच्या, म्हणजे इंजिनच्या सीसीनुसार पडणाऱ्या गटाच्या, रकान्यात. आरसीवर ११९७ सीसी छापलंय म्हणून १४०० च्या आतला वर्ग टाकून मोकळं होऊ नका. तपासणीत आरसी नाही, बोनेटखाली आज जे बसवलंय ते मोजलं जातं.

म्हणून आधी त्या स्पर्धेची पूरक नियमावली मिळवा आणि वर्गांचं पान शेवटपर्यंत वाचा. ड्रॅग (सरळ रेषेतली शर्यत), ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणांवरची), टाइम अटॅक (एकट्याने वेळ नोंदवायची) यांच्या मर्यादा सारख्या नसतात. मागच्या स्पर्धेतला वर्ग या स्पर्धेत चालेलच असं नाही.

टर्बो असेल तर गुणक बघा, म्हणजे वर्ग ठरवताना सीसीला ज्या आकड्याने गुणतात तो. एफआयए या मोटारस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोलला १.७ आणि टर्बो डिझेलला १.५ ने गुणतात. नियमावलीत हाच गुणक असेल, तर ११९७ सीसीची बिनटर्बोची स्विफ्ट ११९७ वरच राहते, पण तेवढ्याच सीसीची टर्बो पेट्रोल पोलो जीटी टीएसआय २०३५ वर जाते. घरच्या स्विफ्टला बाहेरून टर्बो किट लावलं, तरी हेच गणित.

दुसरा सापळा रीबोरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करण्याचा. जुन्या बलेनोचं १.६ इंजिन घ्या: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ९० मिमी, चार सिलिंडर, म्हणजे १५९० सीसी. सिलिंडर झिजला म्हणून फक्त पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकले की बोअर ७५.२५ होतो आणि आकडा १६०१ वर जातो. मर्यादा १६०० ची असेल तर गाडी वर्गाबाहेर. बोअर करून देणाऱ्याकडून बोअर आणि स्ट्रोकचं माप लिहून घ्या. कुणी हरकत घेतली तर इंजिन उघडून हेच मोजतात.

स्टॉकच्या, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाड्यांच्या, वर्गात ज्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली नाही, ते चालत नाही असंच धरा. ईसीयू रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), बदललेला कॅमशाफ्ट, हलकं फ्लायव्हील, काढून टाकलेली मागची सीट, यातली एक गोष्टसुद्धा गाडीला वरच्या वर्गात ढकलू शकते. पहिल्या वर्षी इंजिनला हात न लावता टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर पैसे घाला. ओपन वर्गात, म्हणजे जिथे बदलांना मोकळीक असते तिथे, पूर्ण रेससाठी बांधलेल्या गाड्या येतात. त्यांच्यासमोर अर्धवट बदललेली गाडी वेळेत मागे पडते आणि शिकायलाही फार मिळत नाही.

शर्यतीत उतरायचा परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे भारतातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेचा, लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, वयाचा दाखला, रक्तगट आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र तयार ठेवा; अठराच्या आतील मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र. परवान्याचं नाव आणि प्रवेश अर्जातलं नाव अक्षरशः जुळू द्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं पत्र जोडा.

विम्याचं नीट समजून घ्या. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा क्लेम मिळत नाही.

बदललेली गाडी मुंबईहून रस्त्याने चालवत नेऊ नका, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किटसारखा रीतसर बदल असेल, तर आपल्या आरटीओत, म्हणजे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीत, आरसीवर नोंदवून घ्या.

स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, गाडी अडते ती बहुधा किरकोळ कारणांनी. बॅटरी हाताने हलवून बघतात. क्लॅम्पमध्ये ती जराही सरकता कामा नये. टो हुक (गाडी ओढून न्यायचा हुक) बसवलेला आणि लांबून दिसणारा हवा. फ्लोअर मॅट, स्टेपनी, जॅक, डिकीतली पाण्याची बाटली, सगळं घरीच काढा. हेल्मेटच्या आतलं लेबल वाचा: स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए शिक्का म्हणजे आग सोसणारं अस्तर, एम म्हणजे मोटारसायकलचं. विकत घेण्याआधी नियमावलीतला शिक्का आणि त्याचं वर्ष जुळवून बघा, कारण दुकानदार जुना माल स्वस्तात देतो आणि तो तपासणीच्या टेबलावरून परत येतो.