विमान सांगते ते खरे कशावरून?

आज बहुतेक प्रवासी विमाने आपला ठावठिकाणा सेकंदाला साधारण दोनदा स्वतःच जाहीर करतात. १०९० मेगाहर्ट्झवरचा हा संदेश ११२ बिटांचा असतो आणि १२० मायक्रोसेकंदांत संपतो. विमानाचा २४ बिटांचा क्रमांक, जागा किंवा वेग आणि शेवटी प्रक्षेपणातली चूक ओळखणारे २४ बिट असे प्रामुख्याने त्यात असते. संदेश खरोखर त्याच विमानाने पाठवला, याचा पुरावा त्यात नसतो. एडीएस-बी नावाची ही पद्धत एवढी विश्वासावर का चालते, याचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे.

६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच हवाई दलाची दोन हरिकेन विमाने पाडली. रडारवर ठिपका दिसे, पण तो आपला की शत्रूचा हे कळत नसे. रडारने विचारायचे आणि विमानातल्या ट्रान्सपॉन्डरने उत्तर द्यायचे, या कल्पनेला अशा घटनांनी जोर आला. युद्धानंतर हेच तंत्र दुय्यम रडार म्हणून नागरी वाहतुकीत आले. इथे एक मूलभूत फरक पडला. प्राथमिक रडार विमानावर आपटून परत आलेली लहर पाहते, तर दुय्यम रडार विमानाचे म्हणणे ऐकते.

ऐकणे किती गरजेचे होते, हे भारताने भयंकर किंमत मोजून पाहिले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. दिल्लीत तेव्हा प्राथमिक रडारवरच काम चाले. त्यावर उंची दिसत नसे. वैमानिक रेडिओवर सांगेल ती उंची धरून नियंत्रक मार्ग देत होते. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते, ते त्याखाली उतरले. त्यानंतर दुय्यम रडार आणि टक्कर टाळणारी यंत्रणा यांचा आग्रह धरला गेला, तो अगदी योग्यच होता.

पुढे जीपीएस आले आणि विचारण्याचीही गरज उरली नाही. विमान आपली जागा स्वतः काढते आणि सगळ्यांना सांगते. जमिनीवर महागड्या फिरत्या रडारऐवजी छोटा अँटेना पुरतो. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात ही यंत्रणा सक्तीची केली. पण त्याआधीच, २०१२ मध्ये, आंद्रेई कोस्टिन या संशोधकाने लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिले होते, की सहज मिळणाऱ्या, संगणकाच्या आज्ञावलीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर रेडिओने नसलेल्या विमानाचे संदेश तयार करता येतात.

मग संदेशावर डिजिटल सही का नको? जगभरच्या विमानांना सहीसाठी लागणाऱ्या गुप्त सांकेतिक किल्ल्या वाटणे आणि त्या सांभाळणे अवघड, शिवाय ही वारंवारता आधीच गजबजलेली. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना बनावट जीपीएस संकेतांचा त्रास झाला, हे सरकारने संसदेत सांगितले. जीपीएसच फसले, तर विमान प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगेल आणि त्यावर सहीही खरी असेल. म्हणून माझ्या मते खरी तपासणी संदेशातल्या मजकुराची नाही, तो वाहून आणणाऱ्या लहरीची व्हायला हवी.

एक जुना उपाय म्हणजे लहर जमिनीवरच्या वेगवेगळ्या ग्रहण केंद्रांवर किती वेळाच्या फरकाने पोचली ते मोजून जागा काढणे. मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते, त्यामुळे सगळ्या केंद्रांची घड्याळे काटेकोर जुळलेली लागतात. आणि ती अनेकदा जुळवली जातात जीपीएसवरच!

२०१६ मध्ये माथियास शेफर आणि सहकाऱ्यांनी डॉप्लर परिणामाचा मार्ग मांडला. फाटकाजवळून जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना बारीक आणि जाताना जाड ऐकू येते, तोच हा परिणाम. विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने सरळ केंद्राकडे येत असेल, तर १०९० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ९०० हर्ट्झने चढते; मागच्या केंद्राला ती तेवढीच उतरलेली मिळते. ट्रान्सपॉन्डरची मूळ वारंवारताच यापेक्षा कितीतरी जास्त इकडेतिकडे सरकलेली असू शकते, त्यामुळे एका केंद्राचे माप निरुपयोगी. पण दोन केंद्रांच्या मापांची वजाबाकी केली की ती मूळ चूक निघून जाते आणि १,८०० हर्ट्झचा फरक हाती उरतो. जमिनीवर एका जागी बसलेला तोतया आपली वारंवारता हवी तशी फिरवू शकतो, पण ती दोन्ही केंद्रांना सारखीच फिरलेली दिसते. वजाबाकी शून्य येते आणि त्याचे बिंग फुटते. प्रत्येक केंद्राकडे स्वतंत्र अँटेना रोखून वेगवेगळी लहर पाठवली, तर मात्र फसवणूक जमू शकते. केंद्रे वाढतील तसे ते कठीण होत जाते.

रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींना जागा आणि वेग कळवतील, त्या संदेशांवर सही करण्याची सोय मानकांत आधीपासून आहे. ती सही पाठवणारा अधिकृत असल्याचे सांगते. तो खरोखर त्या वळणावर ब्रेक मारतो आहे का, हे तिथेही लहरीलाच विचारावे लागेल. रस्त्यावर मात्र वेग कमी असतो, इमारतींवरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे हे मोजणे अवघड होऊ शकते.