नातवंडांचे नव्वद दिवस : ॲरिझोनातल्या हिवाळी मुक्कामामागची गोष्ट

थंडी टाळायला अमेरिकेतल्या मिनेसोटा-आयोवामधली आणि कॅनडातल्या सॅस्कॅचवानमधली निवृत्त जोडपी दिवाळीच्या सुमारास नैऋत्य अमेरिकेतले ॲरिझोना गाठतात आणि एप्रिलमध्ये परत फिरतात. नाताळात किंवा मार्चच्या सुट्टीत मुले-नातवंडे येतात, मग ग्रँड कॅन्यन, टूमस्टोन, टुसॉनचे वाळवंट-संग्रहालय अशा ठरलेल्या सहली होतात. या मुक्कामाचे श्रेय सगळे उन्हाला आणि गोल्फला देतात. पण कोण, कुठे, किती दिवस राहणार हे ठरवण्यात वयाच्या एका अटीचा हात फार मोठा आहे आणि त्याबद्दल बोलले जाते फार कमी.

कोरड्या हवेसाठी इथे येण्याची चाल जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्षयरोगी टुसॉन आणि फिनिक्सच्या कडेला तंबू ठोकून राहत. पुढे पैसेवाले लोक हिवाळ्यात विकेनबर्गच्या रँचवर घोडे फिरवायला येऊ लागले. मध्यमवर्गाची लाट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. घरोघरी वातानुकूलन, आंतरराज्य महामार्ग आणि दरमहा हातात पडणारे निवृत्तिवेतन या तीन गोष्टी एकाच पिढीच्या वाट्याला आल्या.

फिनिक्सच्या वायव्येला यंगटाउन नावाची छोटी वसाहत 1954 मध्ये सुरू झाली. वसाहत फक्त वयस्करांची. मुलांना तिथे घर नाही, म्हणून शाळाही नाही. तिच्या शेजारीच, जुन्या कापसाच्या शेतांवर, 1 जानेवारी 1960 रोजी सन सिटी उघडली. ती उभारणारा कंत्राटदार न्यूयॉर्कच्या एका नामांकित बेसबॉल संघाचा सहमालक होता. म्हातारी माणसे नातवंडांना सोडून वाळवंटात राहायला येणार नाहीत, असे जाणकार त्याला सांगत होते. त्याने आधी गोल्फचे मैदान, दुकाने, करमणूक केंद्र बांधून तयार ठेवले आणि मग पाच नमुना-घरे लोकांपुढे मांडली. पहिल्या तीनच दिवसांत सुमारे एक लाख लोक पाहायला लोटले. जाणकारांचा अंदाज सपशेल चुकला. तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न खरा होता, तो पुढची चाळीस वर्षे सुटला नाही.

सन सिटीत घर घेणारे बहुतेक जण बारमाही रहिवासी होते, निव्वळ हिवाळी पाहुणे नव्हेत. हा फरक बऱ्याच लिखाणात पुसला जातो. पण तिथला नियम पुढे बऱ्याच हिवाळी वसाहतींनी आणि आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या मोटारगाड्यांच्या) पार्कांनी उचलला. घरटी एक माणूस ठरावीक वयावरचा हवा आणि शाळकरी मूल कायमचे राहता कामा नये. आज सन सिटीत ही मर्यादा 55 वर्षे आहे, आणि 19 वर्षांखालच्या कुणालाही वर्षातून 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. काही वसाहतींत ही मुदत याहून खूपच कमी आहे.

अटीच्या बाजूने लढणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आयुष्यभर मुले वाढवली, आता शांतता विकत घेतो, त्यात गैर काय? 1974 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने टुसॉनच्या चाकांवरच्या घरांच्या एका वसाहतीतली ‘21 वर्षांखालील कुणी नको’ ही अट वैध ठरवली. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते या प्रकरणाचे खरे रूप तिच्यातच दिसते. सन सिटीचे मतदार शेजारच्या पिओरिया शाळा जिल्ह्याचे कर्जरोख्यांचे (म्हणजे शाळांसाठी काढायच्या आणि रहिवाशांच्या करातून फेडायच्या कर्जाचे) ठराव वर्षानुवर्षे पाडत होते. वर्गखोल्या कमी पडत होत्या, पोरे दाटीवाटीने बसत होती आणि ठरावामागून ठराव आपटत होता. शेवटी 1974 मध्ये सन सिटीला त्या शाळा जिल्ह्यातून बाहेरच काढले. रहिवाशांची कराची कटकट संपली, शाळेची अडवणूकही संपली. स्वतःच्या नातवंडांना वर्षातून पंधरा दिवस लाडाने जवळ घेणारी माणसे दुसऱ्यांच्या नातवंडांच्या शाळेला पैसे द्यायला तयार नव्हती, हे त्या काळात उघड बोलले गेले आणि ते खोटे नव्हते.

1988 मध्ये संघीय गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुले असलेल्या कुटुंबाला घर नाकारणे बेकायदा ठरले. मात्र ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट मिळाली : किमान 80 टक्के घरांत 55 वर्षांवरचे कुणीतरी हवे आणि ज्येष्ठांसाठी खास ‘लक्षणीय सोयीसुविधा’ हव्यात. लक्षणीय म्हणजे किती, यावर वकिलांची चांदी झाली. पोहण्याचा तलाव पुरतो की आरोग्य तपासणीची सोयही हवी? 1995 मध्ये सुविधांची अट गाळून टाकली गेली. राहिला फक्त वयाचा हिशेब, आणि तो वसाहतींनी वेळोवेळी पडताळून दाखवायचा.

पण कायदा सुटसुटीत झाला म्हणून घरोघरचे पेच सुटले नाहीत. यंगटाउनमधल्या एका आजी-आजोबांनी घरातल्या त्रासामुळे दुरावलेल्या किशोरवयीन नातवाला आपल्याकडे ठेवून घेतले. गावाने वयाचा नियम पुढे केला. प्रकरण चिघळत गेले आणि राज्याच्या महाधिवक्त्यांच्या हस्तक्षेपानंतर 1998 मध्ये यंगटाउनची वयाची अटच रद्द झाली. ज्या गावापासून ही पद्धत सुरू झाली, तिथे मुलाबाळांची कुटुंबे राहायला आली. पलीकडची सन सिटी होती तशीच राहिली.

या सगळ्यापासून दूर, कॅलिफोर्नियाच्या सीमेलगत, दुसरे एक जग आहे. सुमारे अडीच हजार वस्तीच्या क्वार्टझाइटमध्ये 1967 पासून हिवाळ्यात रत्न-खनिजांचा बाजार भरतो आणि आरव्हींची रीघ लागते. सरकारी जमिनीवर एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त तळ ठोकता येत नाही, म्हणून 1983 मध्ये लांबच्या मुक्कामासाठी खास टापू राखले गेले. हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. पुष्कळ वर्षे अख्ख्या हंगामाची फी 180 डॉलर होती. इथे वयाची अट नाही, नातवंडांचे दिवस कुणी मोजत नाही. पोरांना दाखवायला गावात पिरॅमिडच्या आकाराची एक समाधीही आहे. अमेरिकन सैन्याने एकोणिसाव्या शतकात वाळवंटात उंट आणून पाहिले, त्यांच्यासोबत ऑटोमन मुलखातून आलेल्या उंटवाल्याची ती समाधी. वर उंटाची प्रतिकृती.

तिथून तासा-दीड तासावर लेक हवासू सिटीत लंडनचा जुना पूल दगडादगडाने आणून 1971 मध्ये पुन्हा उभा केला आहे; तोही सहलीतला हमखास थांबा. ॲरिझोनाच्या नैऋत्य टोकाच्या युमा शहरातली जोडपी मेक्सिकोची सीमा पायी ओलांडून लॉस अल्गोडोनेसला जातात. त्या मेक्सिकन गावात पावलोपावली दंतवैद्य, त्यामुळे आजोबांच्या कवळीचे काम आणि घरच्यांची सहल एकाच दिवसात उरकते. मार्चमध्ये बेसबॉल संघ सरावाला ॲरिझोनात असतात. 1947 मध्ये दोन संघांपासून सुरू झालेल्या या प्रथेत आज पंधरा संघ आहेत, आणि शाळांची सुट्टीही त्याच महिन्यात पडते. सग्वारो निवडुंगाला फुले येतात मेमध्ये. तोवर आजी-आजोबा उत्तरेकडे निघून गेलेले असतात.

मराठी वाचकांना हा विषय परका वाटायचे कारण नाही. शिकागो-डेट्रॉइटकडे 1970 च्या दशकात आलेली आपली पिढी आता याच घरांची माहितीपत्रके चाळते आहे. मुलगा-सून-नातवंडे अडीअडचणीला वर्षभर येऊन राहतील असे गृहीत धरणाऱ्यांनी वसाहतीची नियमावली सहीपूर्वी नीट वाचावी.

कॅनडातल्या जोडप्यांना तर दिवस दोन्हीकडून मोजावे लागतात. ओंटारियोची आरोग्य योजना टिकवायची तर प्रांताबाहेर वर्षात 212 दिवसांच्या वर राहायचे नाही. अमेरिकेचा करविभाग यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश मिळवतो. बेरीज 183 झाली की वेगळा फॉर्म भरा. 11 एप्रिल 2025 पासून त्यात भर पडली : 30 दिवस किंवा त्याहून जास्त राहायचे असेल आणि रस्त्याने येताना सीमेवर प्रवेशाची नोंद झाली नसेल, तर सरकारदरबारी नाव नोंदवायचे. नातवंडे आठवडाभरच येतात, त्यामुळे त्यांना हा नियम लागत नाही. आजी-आजोबांना लागतो.