‘काम केलेलं’ इंजिन उघडून बघताना

जुन्या गाडीसाठी मिळालेलं ‘रीबिल्ट’ इंजिन नेमकं कसं आहे, हे त्या शब्दावरून काहीच कळत नाही. बोअर (सिलिंडरचं भोक) मोठं करून, क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून नवे पिस्टन टाकलेलं इंजिनही रीबिल्टच, आणि रिंगा-गॅस्केट बदलून वर रंगाचा हात फिरवलेलंही. म्हणून आधी आकडे विचारावेत : बोअर मूळ मापापेक्षा किती मोठा (ओव्हरसाइज), क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, किती बारीक (अंडरसाइज). पिस्टनच्या डोक्यावर आणि बेअरिंगच्या पाठीवर हे माप बहुधा ठोकलेलं असतं. सांगितलेलं आणि ठोकलेलं जुळलं नाही, तर बाकीच्या माहितीवरही विसंबू नये.

मग सगळे स्पार्क प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून इंजिन हाताने फिरवावं. फिरतं की नाही एवढंच बघून थांबू नका. कुठे अडतं आणि किती वेळा अडतं, ते मोजा. दर फेऱ्याला त्याच जागी जड जात असेल तर संशय क्रँक, बेअरिंग किंवा पिस्टनवर. एक फेरा सोडून एक जड जात असेल तर दोष वॉल्व्हच्या बाजूला, कारण वॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात कुठला ना कुठला वॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेने दमट हवा शिरते आणि नेमका तोच बोअर गंजतो. उरलेले तीन चकचकीत दिसले तरी चौथा बघायचाच.

न चाललेल्या इंजिनाच्या कम्प्रेशनच्या आकड्यावर फार भरवसा नको. रिंगा बसलेल्या नसतात, शिवाय आकडा क्रँक किती वेगाने फिरली यावरही ठरतो. त्यापेक्षा लीकडाउन चाचणी जास्त बोलकी : पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट वॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. पाणी भरलेलं असेल आणि त्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा तडा. नव्या रिंगांमधून थोडी हवा जाणारच. वॉल्व्हमधून मात्र जाता कामा नये. हवा सोडताना क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच लावून ठेवू नका. पिस्टन दाबला गेला की तो पाना गरकन फिरतो आणि हात मोडू शकतो.

यानंतर संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडावा. एका गॅस्केटचा खर्च वाचवण्यासाठी हे टाळणं सगळ्यात महागात पडतं. तळाशी बोट फिरवा : चुंबकाला न चिकटणारा चकाकता चुरा म्हणजे बहुधा बेअरिंगचा धातू, चिकटणारा म्हणजे पोलाद किंवा बीड. सीलंट सढळ हाताने थापलेलं असेल तर त्याच्या शेवया सुटून तेलपंपाच्या जाळीवर बसतात. ऑइल गॅलरीची (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेची) बुचं काढून ती धुतली होती का, हेही विचारावं. न धुतलेल्या गॅलरीतला ग्राइंडिंगचा कीस पहिल्या काही मिनिटांतच नव्या बेअरिंगमध्ये उतरतो.

आता बेअरिंगची फट. मापायला प्लास्टीगेज नावाचा मऊ प्लास्टिकचा दोरा मिळतो. बेअरिंगची कॅप काढून जर्नल पुसायचा, त्यावर दोऱ्याचा तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप त्याच जागी, त्याच दिशेने बसवून टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळायची आणि परत काढायची. मध्ये क्रँक जराही हलवायची नाही. चपटलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडली की फट कळते. इंजिन सरळ उभं असेल तर क्रँकच्या वजनाने मेन बेअरिंगची फट खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून ते उलटं करावं किंवा क्रँकला खालून आधार द्यावा. ढोबळ हिशेब असा, की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग : ५० मिमी जर्नलला सुमारे ०.०५ मिमी. अंतिम शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

एवढ्याशा फटीचं एवढं महत्त्व का? फिरता जर्नल तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. फटीतून गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. पंपाची ताकद तेवढीच राहते. त्यामुळे थंड, दाट तेलावर दाब छान दिसतो आणि इंजिन तापलं की काटा खाली बसतो. विकत घेताना थंड इंजिनावर दाखवलेला दाब म्हणूनच फसवा.

फोर्ड मॉडेल ए (१९२७–३१) सारख्या इंजिनांत सुटी बेअरिंग नसतात. पांढरा धातू ओतलेला असतो आणि फट शिम (धातूच्या पातळ चकत्या) काढून-घालून जुळवतात. तिथे धातूला बारीक तडे आहेत का, तो पाठीपासून सुटलाय का, हे भिंगाने बघावं.

क्रँक पुढे-मागे किती सरकते तेही डायल गेजने मापा. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात हे माप ०.०७ ते ०.१३ मिमी असतं आणि ते फ्लायव्हीलमागच्या तीन शिमांनी जुळवतात. क्रँकचं हे सरकणं रोखणारे अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असलेल्या इंजिनात वॉशरच्या तेलाच्या खाचा क्रँककडेच हव्यात. हे उलट बसवणं ही नेहमीची चूक. दर वेळी क्लच दाबला की वॉशर थोडा-थोडा झिजत जातो.

सपाट टॅपेटच्या (कॅमवर टेकून वॉल्व्ह उचलणाऱ्या भागाच्या) इंजिनात टॅपेट खालून बघता येत असतील तर त्यांवर पोलादी पट्टी टेकवा. तळ किंचित फुगीर हवा. खोलगट झाला असेल तर टॅपेट आणि त्याचा कॅम दोन्ही गेले. काढलेला टॅपेट ज्याच्या त्याच जागी परत जायला हवा, तेव्हा क्रमांक घालून ठेवा.

सगळं जुळलं तरी कोरडं इंजिन सुरू करायचं नाही. पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालत असेल तर त्या भोकातून, पंपाच्या योग्य दिशेने, ड्रिलने फिरवून रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघावं. नसेल तर प्लग काढून, दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टरवर थोडं-थोडं फिरवावं. पंप तेल ओढत नसेल तर त्याच्या गिअरमध्ये व्हॅसलिन भरतात. ते तेलात विरघळतं, ग्रीस तसं विरघळत नाही.

इंजिन हवेत टांगलेलं आहे तोवर मागचं ऑइल सील, फ्लायव्हीलमधला पायलट बुश (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक पेलणारा) आणि ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचं) बदलून घ्या. सगळी तोंडं टेपने बंद करा. चिंधी कोंबू नका, ती आतच राहते.