दुपारीच का बंद पडतो?

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅटने विंडोज नवी होते, आतले सुटे भाग तेवढेच जुने राहतात. त्याआधी मालकाला एकच विचारावं. मशीन नेमकं कधी बंद पडतं?

सोलापुरात हमखास येणारं उत्तर म्हणजे, "सकाळी बरं चालतंय, दुपारी दोन वाजले की बंद पडतंय बघा." एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्यात पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्याचं ऑफिस असेल, तर हवेत सुताचे बारीक तंतू असतातच. साधी धूळ ब्लोअरने उडते, तंतू एकमेकांत गुंतून बसतात. कॅबिनेटचं झाकण काढलं की प्रोसेसरवरचा पंखा फिरताना दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. तो पंखा उचला. खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर राखाडी चादरच पांघरलेली असते आणि वारा तिथेच अडतो.

प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं. ते साधारण शंभर अंशांच्या आसपास गेलं की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणजे दुपारी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) रेंगाळते तेव्हा दरवेळी व्हायरसच असतो असं नाही. पात्या साफ करून, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की बऱ्याच मशीनचं दुखणं तिथेच संपतं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

आता उलटी तक्रार. डिसेंबरातल्या सकाळी मशीन सुरूच होत नाही, तीन-चारदा बटण दाबल्यावर होतं आणि मग दिवसभर निमूट चालतं. इथे संशय कॅपॅसिटरवर घ्यावा. मदरबोर्डवर (मुख्य बोर्डावर) आणि एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात) उभ्या नळकांड्या असतात त्या, वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणाऱ्या. जुन्या बोर्डांवरच्या कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो. रबरी बुडातून तो वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो आणि आतला रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो, मशीन तापलं की उतरतो, म्हणून दुखणं सकाळपुरतंच दिसतं.

कॅपॅसिटरच्या आयुष्याचा ठोकताळा सोपा आहे: तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर ७५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकेल. रोज दहा तास वापर धरला तर चार वर्षांच्या थोडं वर. तोच ६५ अंशांवर राहिला तर जवळजवळ नऊ. कोंदट कपाटात कोंबलेलं कॅबिनेट लवकर का म्हातारं होतं, ते या हिशेबात आहे.

खराब झालेला कॅपॅसिटर पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. त्याच्या माथ्यावर फुलीसारख्या खाचा असतात, आत गॅस झाला तर तिथून फुटावं म्हणून. माथा सपाट हवा. तो फुगला असेल किंवा खाचेतून तपकिरी खपली आली असेल, तर गेलाच म्हणून समजा. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रवामुळे असे फुगलेले बोर्ड जगभर निघाले होते.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. आपली २३० व्होल्टची वीज आत डीसी होताना सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ साठून राहते. बाहेरून मल्टिमीटर लावा: पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. पण मोजायचं मशीनवर काम चालू असताना. रिकामं असताना म्हातारा एसएमपीएसही बरोबर आकडा दाखवतो.

दर वेळी वीज गेल्यावर तारीख मागे जाते? मग बोर्डावरचा तीन व्होल्टचा बटण सेल बदला, पन्नासेक रुपयांचं काम. घड्याळ चुकलं की बँकेची साइट सुरक्षित नसल्याचा इशारा येतो आणि शिव्या बिचाऱ्या इंटरनेटवाल्याला बसतात. स्क्रीन काळी आणि बीप वाजतोय? प्लग काढा, रॅम (बोर्डावर उभी खोचलेली मेमरीची पट्टी) उपसा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या पुसा, पुन्हा खट्ट आवाज येईपर्यंत बसवा.

हार्ड डिस्क टकटक करू लागली असेल तर यातलं काहीच आधी करू नका. मशीन चालू आहे तोवर हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या.